मास्टर पिल्लईला हसताना आपण नेमके कशाला हसतो?

नमस्कार. आपण लिहिले आहे की, डोंबिवलीतील आपल्या सोसायटीच्या वर्धापनदिनी गच्चीवर पडदा लावून ‘पडोसन’ दाखवायचे ठरले आहे. तयारी सुरू असताना आपल्या तेरा वर्षांच्या मुलीने मोबाइलवर ‘एक चतुर नार’ हे गाणे पाहिले आणि ‘हे तिसऱ्या मजल्यावरच्या तमिळ आजोबांसमोर लावणार का?’ असे विचारले. समितीतील इतरांचे म्हणणे असे की, इतक्या वर्षांपूर्वीची ही निखळ करमणूक आहे आणि तिच्यात प्रांत आणि भाषा कशाला आणायची. चित्रपट दाखवावा की नाही आणि मुलीला काय सांगावे, असे आपले दोन प्रश्न आहेत.

मला वाटते, या दोन्हींच्या मुळाशी तिसरा प्रश्न आहे आणि तो आपल्या मुलीने बरोबर पकडला आहे. जो विनोद आपण एकटे असताना खळखळून हसत पाहतो, तोच विनोद ज्याच्यावर केलेला आहे तो माणूस शेजारच्या खुर्चीत बसला की आपण का अवघडतो? ते अवघडलेपण खोटे नाही आणि ते आजच्या पिढीच्या हळवेपणातून आलेले आहे असेही मला वाटत नाही. ते आपल्याला काहीतरी सांगत असते, आणि ते काय सांगते हे समजून घेतल्याशिवाय ‘दाखवा’ किंवा ‘दाखवू नका’ असे उत्तर देणे घाईचे होईल.

पुण्यातील एका फिल्म सोसायटीच्या कामात मी सव्वीस वर्षे आहे. महाविद्यालये, ज्येष्ठ नागरिक संघ, शिक्षकांच्या कार्यशाळा अशा ठिकाणी जुने चित्रपट दाखवणे आणि नंतर त्यांवर चर्चा घेणे हे माझे काम. ‘पडोसन’ मी आजवर चार वेळा दाखवला. पहिल्या वेळी प्रास्ताविक म्हणून दिग्दर्शक ज्योती स्वरूप, साल 1968, संगीत राहुलदेव बर्मन, एवढेच सांगून मी दिवे मालवले होते. सभागृह हसून हसून बेजार झाले. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या आवरताना एक वृद्ध गृहस्थ माझ्याजवळ येऊन थांबले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, हातात घडी घातलेली छत्री. ते अतिशय शुद्ध मराठीत म्हणाले, ‘‘गाणं फार सुंदर आहे, मीही हसलो. पण त्या काळी मी दादरला राहत होतो. चित्रपट लागला आणि पुढचे कित्येक महिने कचेरीत माझं नाव कुणी घेतलं नाही. सगळे मला मास्टरजी म्हणायचे आणि मी काहीही बोललो की मान हलवून दाखवायचे.’’ त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. त्यांनी चौकशी केली, पुढचा कार्यक्रम कधी आहे ते विचारले आणि छत्री काखेत धरून निघून गेले. ते पुन्हा आले नाहीत. मी तेव्हापासून हा चित्रपट वेगळ्या नजरेने पाहायला लागलो.

ज्यांनी तो बऱ्याच वर्षांत पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. भोला हा साधाभोळा तरुण शेजारच्या बिंदूच्या प्रेमात पडतो. बिंदूला संगीताचे वेड आहे आणि तिला संगीत शिकवायला येणारे मास्टर पिल्लईही तिच्यावर भाळलेले आहेत. भोलाला गाता येत नाही. त्याचा मित्र विद्यापती त्याला शिकवून पाहतो, ते जमत नाही. मग अशी युक्ती निघते की विद्यापतीने आड बसून गायचे आणि भोलाने खिडकीत उभे राहून फक्त ओठ हलवायचे. बिंदू फसते. पुढे पिल्लई आणि भोला यांचा खिडकीतून खिडकीत सामना होतो, तेच ते प्रसिद्ध गाणे. भोला सुनील दत्त, बिंदू सायरा बानो, विद्यापती किशोर कुमार आणि पिल्लई मेहमूद. कपाळावर भस्म, डोक्यावर शेंडी, कमरेला लुंगी आणि हिंदीचे मुद्दाम वाकडे केलेले उच्चार, असा पिल्लईचा सगळा अवतार आहे.

आता या सामन्याकडे जरा बारकाईने पाहा. मेहमूदसाठी आवाज मन्ना डे यांचा आहे. काका कृष्णचंद्र डे यांच्याकडे आणि पुढे उस्तादांकडे शिकून तयार झालेला तो गळा. समोर किशोर कुमार, ज्यांनी शास्त्रीय संगीताची रीतसर तालीम कधी घेतली नव्हती आणि ज्यांची प्रतिभा नियम मोडण्यातच खुलत असे. गाण्यात पिल्लई सरगम घेतो, ताना घेतो, आणि पलीकडून मध्येच चाल बदलली की गोंधळून तक्रार करतो. संगीताच्या दृष्टीने त्याची तक्रार अगदी रास्त आहे. या सामन्यात खरोखर स्वतःच्या गळ्याने गाणारा (अर्थात कथेच्या हिशेबात) तोच एकटा आहे. समोरचा स्पर्धक गातच नाही. म्हणजे कथा अशी की, विद्या असलेला माणूस प्रामाणिकपणे गातो, विद्या नसलेला माणूस लबाडी करतो, लबाडी जिंकते, आणि आपण सगळे लबाडीच्या बाजूने टाळ्या वाजवतो.

हे कसे साधले जाते? माझ्या मते पिल्लईची लुंगी, शेंडी आणि उच्चार यांचे खरे काम इथे आहे. पिल्लईच्या जागी एखादा देखणा, स्वच्छ हिंदी बोलणारा, गंभीर गवई कल्पून पाहा. पटकथेतली एकही घटना न बदलता आपली सहानुभूती त्याच्याकडे झुकू लागेल आणि भोलाची युक्ती आपल्याला खुपू लागेल. ते होऊ नये म्हणून प्रतिस्पर्ध्याला आधीच हास्यास्पद करून ठेवणे चित्रपटाला गरजेचे आहे, आणि त्यासाठी सर्वांत स्वस्त, सर्वांत लवकर लागू पडणारे साधन म्हणजे त्याचा प्रांत. तो पडद्यावर येऊन तोंड उघडतो त्या क्षणी प्रेक्षकाने ठरवून टाकलेले असते की, या माणसाला प्रेयसी मिळणार नाही. कोणताही प्रसंग घडायच्या आधीच ते ठरते. माझ्या कामात मला वारंवार दिसलेली गोष्ट ही की, जुन्या चित्रपटांतील असा विनोद क्वचितच नुसता शोभेसाठी टाकलेला असतो. कुणाला प्रेम मिळावे, कुणाचे म्हणणे गंभीरपणे घेतले जावे आणि कुणाचे दुःख मोजूच नये, याचा निवाडा तो गुपचूप करत असतो.

याची एक पडताळणी योगायोगाने उपलब्ध आहे. ‘पडोसन’चे मूळ बंगाली आहे. ‘पाशेर बाडी’ हा चित्रपट 1952 साली आला, त्यावरून 1953 साली तेलुगूत ‘पक्किंटी अम्मायी’ झाला आणि 1960 साली तमिळमध्ये ‘अडुत्त वीट्टु पेण्ण’. म्हणजे हिंदी चित्रपट येण्याच्या आठ वर्षे आधीच मद्रासच्या प्रेक्षकांनी ही शेजारणीची गोष्ट आपल्या भाषेत पाहिली होती. आता विचार करा, तमिळ चित्रपटात सगळीच पात्रे तमिळ बोलणारी. तिथे एखाद्याचे तमिळ असणे हा विनोद होऊच शकत नाही. विनोद करायचा तर तो माणसाच्या स्वभावावर, बढाईखोरपणावर, वेंधळेपणावर करावा लागणार. गोष्ट तशीही उभी राहते. कार्यशाळेत मी शिक्षकांना हेच करून पाहायला सांगतो. पात्राचा प्रांत, जात, धर्म मनातल्या मनात काढून टाका आणि उरलेल्या प्रसंगाला हसू येते का ते पाहा. विद्यापतीच्या बाबतीत ते सहज येते, कारण पान चघळत हुकूम सोडणारा तो नाटक्या एक विशिष्ट माणूस आहे. पिल्लईच्या बाबतीत काही ठिकाणी येते, कारण मेहमूद हा विलक्षण नट होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा प्रेमातला अवघडलेपणा कोणत्याही प्रांताचा आहे. काही ठिकाणी मात्र उच्चार काढून घेतला की हाताशी काहीच राहत नाही.

समितीतील मंडळींचे ‘त्या काळी कुणाला काही वाटत नव्हते’ हे म्हणणे मला मान्य करता येत नाही, आणि महाराष्ट्रात राहणाऱ्याला तर ते मुळीच करता येऊ नये. 1968 साल काय होते ते आठवून पाहा. जानेवारी 1965 मध्ये मद्रास राज्यात हिंदीविरोधी आंदोलन पेटले होते, त्यात माणसे मेली होती. 1967 मध्ये तिथे द्रमुकचे सरकार आले. इकडे मुंबईत जून 1966 मध्ये शिवसेना स्थापन झाली. त्याच्या आगेमागे ‘मार्मिक’मधून कचेऱ्यांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात होत्या आणि ‘हटाव लुंगी, बजाव पुंगी’ ही घोषणा भिंतींवर होती. उडुपी उपाहारगृहांवर दगड पडत होते. मराठी तरुणांच्या नोकऱ्यांचा प्रश्न खरा होता, त्यावर मतभेद असू शकतात, पण त्या घोषणेत लुंगी नेसणारा प्रत्येक माणूस आला होता, मग तो अधिकारी असो की इडलीवाला. चित्रपटाचा त्या घोषणेशी काही संबंध होता असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की, ज्या शहरात लुंगी हे वस्त्र दिसल्यावर रस्त्यावर शीळ पडत होती, त्याच शहरात त्याच वर्षांत पडद्यावर लुंगी आली की चित्रपटगृह हसत होते. ती नेसणाऱ्याला या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या कशा वाटणार? छत्रीवाल्या गृहस्थांनी मला तेच सांगितले होते, फक्त फार सभ्य शब्दांत.

‘मद्रासी’ या शब्दाचेही असेच. मद्रास राज्याचे नाव तमिळनाडू झाले ते जानेवारी 1969 मध्ये, त्यामुळे 1968 साली तमिळ माणसाला मद्रासी म्हणणे निदान कागदावर चूक नव्हते. पण मुंबईच्या बोलण्यात आणि हिंदी पडद्यावर मद्रासी म्हणजे तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळी सगळे एकच. सोलापूर, नांदेड किंवा सीमाभागातल्या मराठी माणसाला तेलुगू आणि कन्नड यांतला फरक कानाने कळतो, कारण त्या भाषा त्याच्या शेजारात आहेत. हिंदी चित्रपटाला तो कळून घ्यायची गरज वाटली नाही. ‘अय्यय्यो’ म्हटले की चार राज्यांचे काम भागत असे.

इथे माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो, कारण या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला पुस्तकांतून कळली नाही, वडिलांकडून कळली. माझे वडील मुंबई पोलिसांत शिपाई होते. निळी अर्धी चड्डी, डोक्यावर पिवळ्या पट्टीची टोपी, असा त्यांचा गणवेश मी लहानपणी रोज सकाळी पाहिला आहे. 1975 साली दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ आला, तेव्हा वडिलांनी आम्हाला तो तीनदा दाखवला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसायचे, घरी येऊन आईला प्रसंग करून दाखवायचे. पण हिंदी चित्रपटात मारामारी संपल्यावर धापा टाकत येणारा, पोट सुटलेला, ‘काय रे, क्या हुवा’ असे तोडकेमोडके बोलणारा हवालदार आला की ते गप्प व्हायचे. गणवेश तोच, थट्टाही वरवर पाहता तीच. मग फरक कशात होता? पांडू हवालदार त्या चित्रपटाचा नायक होता, गोष्ट त्याची होती, त्याच्या भोळेपणामागे त्याचे घर, त्याचे प्रेम, त्याची माणुसकी होती. हिंदीतला हवालदार दुसऱ्या कुणाच्या गोष्टीत अर्ध्या मिनिटासाठी यायचा, आणि त्या अर्ध्या मिनिटात त्याचे मराठी असणे एवढेच त्याचे व्यक्तिमत्त्व असायचे. नऊवारी नेसलेली, नाक मुरडणारी मोलकरीण ही त्याची बहीण. मराठी प्रेक्षकाला हे दोघे कधी आवडले नाहीत, आणि ‘घाटी’ हा शब्द ज्याने ऐकून घेतला आहे त्याला तर याचे स्पष्टीकरण लागतच नाही. म्हणून माझी आपल्या समितीला विनंती अशी आहे की, पिल्लईबद्दल बोलण्यापूर्वी त्या हवालदाराची आणि त्या मोलकरणीची आठवण काढा.

गोव्याचे उदाहरण याहूनही बोलके आहे आणि मला ते मनापासून लागते. कित्येक दशके हिंदी चित्रपटात गोव्याचा ख्रिस्ती पुरुष म्हणजे हातात बाटली आणि दर वाक्याच्या शेवटी ‘मॅन’, आणि ख्रिस्ती स्त्री म्हणजे आखूड फ्रॉक, नाहीतर खलनायकाच्या अड्ड्यावरची नर्तिका. हे पडद्यावर चालू असताना पडद्यामागे काय होते? ज्या वाद्यवृंदाशिवाय त्या काळचे हिंदी गाणे उभेच राहिले नसते, त्याचे स्वरलेखन आणि संयोजन मोठ्या प्रमाणावर गोव्याचे संगीतकार करत होते. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा होते. आपल्या चितळकरांकडे, म्हणजे सी. रामचंद्र यांच्याकडे, ‘अलबेला’च्या काळात चिक चॉकलेट होते, ज्यांचे खरे नाव अँटोनियो झेवियर वाझ. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे तर व्हायोलिनचे गुरू, त्यांच्या शिष्यांत प्यारेलालही होते. लहानपणी गावच्या चर्चच्या शाळेत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकून आलेली ही माणसे रोज सकाळी ध्वनिमुद्रणाला वेळेवर हजर राहून पन्नास-पन्नास वादकांना कागदावर लिहिलेले संगीत वाजवायला लावत. इतक्या शिस्तीच्या समाजाचे पडद्यावरचे चित्र झिंगलेल्या माणसाचे. दिवसभर त्या प्रसंगांना संगीत देऊन संध्याकाळी स्वतःच्या मुलांना घेऊन तोच चित्रपट पाहायला जाताना त्यांच्या मनात काय येत असेल, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो.

त्याच गोन्साल्विस यांच्या नावावरून 1977 साली ‘अमर अकबर अँथनी’मध्ये गाणे झाले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या चित्रपटात प्यारेलाल यांच्या गुरूंचे नाव असे अमर झाले. आता हा अँथनी तपासून पाहू. तो दारूचा धंदा करतो, आरशासमोर झिंगून स्वतःच्याच प्रतिबिंबाला मलमपट्टी करतो, त्याची भाषा मुंबईच्या गल्लीतली. म्हणजे ठरीव साचा जवळपास पूर्ण आहे. तरीही तो पाहताना मला पिल्लईच्या वेळी वाटते तसे वाटत नाही, कारण अँथनीला चित्रपट मार खाऊ देतो तसा मारूही देतो, प्रेम देतो, श्रद्धा देतो, चर्चमधल्या पाद्रीबाबांशी असलेले हळवे नाते देतो. आपण त्याच्याबरोबर हसतो. साचा तोच असूनही परिणाम वेगळा होतो तो असा. अर्थात, कथेत तो जन्माने हिंदू कुटुंबातलाच असतो, हे एखाद्या गोवेकर प्रेक्षकाने लक्षात आणून दिले तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

थोडक्यात, एखादा विनोद तपासताना मी दोन गोष्टी पाहतो. समाजाचे नाव काढून घेतल्यावर प्रसंग हसवतो का, आणि ज्याला हसायचे त्या पात्राला स्वतःची गोष्ट आहे का. याउपर ‘पडोसन’ सगळ्यांचीच टिंगल करतो, भोलाची आणि दुसऱ्या लग्नाला उतावीळ झालेल्या त्याच्या म्हाताऱ्या मामाचीही करतो, हा आक्षेप मला नेहमी घेतला जातो आणि तो अर्धा खरा आहे. हे दोघे खुळे आहेत, पण त्यांचा खुळेपणा त्यांच्या प्रांताच्या खात्यावर जमा होत नाही. भोलाला पाहून आलेल्या प्रेक्षकाने दुसऱ्या दिवशी कचेरीत कोणत्याही सहकाऱ्याला ‘भोला’ म्हणून हाक मारली नसेल.

त्याच 1968 साली अमेरिकेत ‘द पार्टी’ हा चित्रपट आला. त्यात पीटर सेलर्स या इंग्रज नटाने चेहऱ्याला तपकिरी रंग लावून आणि भारतीय उच्चारांची नक्कल करून एका वेंधळ्या भारतीय नटाची भूमिका केली. दिग्दर्शक ब्लेक एडवर्ड्स. याच दिग्दर्शकाने 1961 साली ‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’मध्ये मिकी रूनी या गोऱ्या नटाला नकली दात लावून जपानी शेजारी बनवले होते, आणि तेही अशा देशात, जिथे 1942 नंतर सुमारे 1 लाख 20 हजार जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडायला लावून छावण्यांत कोंडले गेले होते. मी कार्यशाळेत ‘द पार्टी’तील पाच मिनिटे आणि ‘पडोसन’मधील पाच मिनिटे लागोपाठ दाखवतो. पहिल्या पाच मिनिटांत अवघडलेले शिक्षक दुसऱ्या पाच मिनिटांत हसू लागतात, आणि मग एखादी शिक्षिका मध्येच हसायची थांबते. त्यापुढच्या चर्चेत मला फारसे बोलावे लागत नाही.

आता आपल्या गच्चीकडे येतो. मी दाखवा असे म्हणेन, पण ते काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या फक्त आपल्यालाच माहीत असणार. आपल्या इमारतीत ही थट्टा आजही जिवंत आहे का? तिसऱ्या मजल्यावरच्या घरातील नातवंडांना खेळताना कुणी ‘अण्णा’, ‘इडली-सांबार’ अशा हाका मारते का? मारत असेल, तर यंदा दुसरा चित्रपट निवडा, कारण अशा ठिकाणी ‘पडोसन’ हा जुना चित्रपट राहत नाही, उद्याच्या चिडवण्याला नवे शब्द पुरवतो. चित्रपटाआधी पाच मिनिटे बोलायला आणि नंतर वीस मिनिटे थांबायला लोक तयार आहेत का, हेही पाहा. जेवणाच्या पंगतीसोबत पडद्यावर काहीतरी चालू ठेवायचे असेल, तर त्यासाठीही दुसरे खूप काही आहे.

तमिळ आजोबांना आधी विचारावे का, हा नाजूक भाग आहे. त्यांची परवानगी मागू नका. ‘तुम्हाला चालेल ना?’ असे चारचौघांत विचारले की सभ्य माणूस ‘चालेल’च म्हणतो, आणि मग पुढच्या सगळ्याची जबाबदारी त्याच्या माथी येते. एका माणसाला साऱ्या समाजाचा वकील करणे हाही एक प्रकारचा साचाच आहे. त्याऐवजी आपण स्वतः, एकट्याने, त्यांच्या घरी जाऊन सांगा की, अमुक चित्रपट दाखवणार आहोत, त्यात पिल्लईचे पात्र असे आहे, त्याविषयी मी आधी थोडे बोलणार आहे, आणि आपण आलात तर आनंद होईल. यायचे की नाही हे त्यांना निवांत ठरवू द्या. आले तर चर्चेत ‘आजोबा, तुम्हीच सांगा’ असे म्हणून माइक त्यांच्या हातात देऊ नका. त्यांना बोलायचे असेल तर ते बोलतील.

प्रसंग कापून दाखवण्याच्या मी विरोधात आहे. पिल्लईला वगळले तर ‘पडोसन’ उरत नाही, मन्ना डे यांचे ते अजोड गाणे जाते, मेहमूदचे काम जाते, आणि मुख्य म्हणजे असे काही घडले होते याचा पुरावा जातो. जून 2020 मध्ये अमेरिकेतील एका ओटीटी सेवेने ‘गॉन विथ द विंड’ हा 1939 सालचा चित्रपट काही दिवसांसाठी काढून घेतला आणि चित्रपटाच्या अभ्यासक जॅकलिन स्टुअर्ट यांचे प्रास्ताविक जोडून परत आणला. मूळ चित्रपटाला हात न लावता त्याच्याआधी एका जाणत्या व्यक्तीने बोलणे, ही पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. आपल्या प्रास्ताविकात माफी मागण्याची गरज नाही आणि प्रेक्षकांना दटावण्याचीही नाही. ‘हसू नका’ असे सांगितलेले सभागृह मुर्दाड होते, आणि या चित्रपटात हसण्यासारखे भरपूर आहे. मी साधारण असे बोलतो: हा चित्रपट कोणत्या वर्षी आला, त्या वर्षी मुंबईत काय चालले होते, पिल्लईच्या तोंडून येणारा आवाज कुणाचा आहे, आणि गाण्याचा सामना सुरू झाला की खरे कोण गाते आहे याकडे लक्ष ठेवा. एवढे पुरते. लोक गाणे अधिक कान देऊन ऐकतात, त्यामुळे त्यांचा आनंदही वाढतो, हा माझा अनुभव आहे.

मुलीला ‘तेव्हा असंच असायचं’ असे सांगून गप्प करू नका. त्या वाक्याने तिला इतकेच कळेल की, मोठ्यांना याविषयी बोलायचे नाही. चित्रपट वाईट आहे आणि आपण तो आवडून घेतो म्हणून आपणही वाईट, असेही तिला वाटायला नको. एखादी गोष्ट सुंदर असू शकते आणि त्याच वेळी कुणावर तरी अन्याय करणारी असू शकते, हे तेरा वर्षांच्या मुलीला नक्की समजते. बऱ्याचदा आपल्यापेक्षा लवकर समजते. तिच्याबरोबर गाणे पुन्हा पाहा, एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून. आवाज बंद असताना कोण हास्यास्पद दिसतो आणि डोळे मिटल्यावर कोण मोठा गवई वाटतो, हे तिलाच सांगू द्या. तिची तयारी असेल तर गच्चीवरची प्रास्ताविकाची दोन मिनिटे तिलाच द्या. प्रश्न तिने विचारला आहे.

एक शेवटची, अगदी व्यवहारातली सूचना. भोला आणि बिंदूचे जुळले की लोक चित्रपट संपला असे समजून उठू लागतात, खुर्च्या सरकतात, कुणीतरी दिवे लावते, आणि लग्नाचा प्रसंग त्या आवाजात हरवतो. त्या लग्नात मास्टर पिल्लई आहे. तो सनई वाजवतो आहे आणि त्याचे डोळे भरलेले आहेत. मेहमूदने तिथे एकही शब्द न बोलता जे केले आहे, ते या चित्रपटाला पिल्लईचे दुःख ठाऊक होते याची खूण आहे. दिव्याच्या बटणापाशी आपला विश्वासाचा माणूस उभा करा आणि पडदा पूर्ण काळा होईपर्यंत त्याला हात लावू देऊ नका.